घोट्यावरची बोटं

माझा अंगठा गेला, हे मला आधी मशीननं सांगितलं. सोमवारची पहिली शिफ्ट होती. चाकणच्या आमच्या कंपनीचं दोन नंबरचं गेट, मागे डबे सांभाळत उभी असलेली तीसेक माणसं, आणि भिंतीवरची हजेरीची ती काळी डबी आपल्या गोड बाईच्या आवाजात म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." मी अंगठा ओढणीला पुसून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग दुसरा अंगठा लावला, मग तर्जनी. वॉचमन खंडू लातूरकडचा, वयानं माझ्यापेक्षा लहान, सगळ्यांना ताई-भाऊ करणारा. तो म्हणाला, ताई, फुंकर मारून लावा, बोट कोरडं पडलं की असंच करतंय. मी अंगठ्यावर फुंकर मारली. डबीतल्या बाईला काही ते पटलं नाही. मागून कुणीतरी घड्याळ बघत चुकचुकलं. शेवटी खंडूनं रजिस्टर पुढे ओढलं, पेनाचं टोपण दातानं काढलं आणि मला विचारलं, "नाव?" सहा वर्षं हा माणूस मला रोज बघतोय. माझ्या डब्यातला ठेचा त्यानं खाल्लाय. मी त्याच्याकडे बघतच राहिले, त्यानंही मान वर केली, आणि शपथेवर सांगते, क्षणभर त्याच्या डोळ्यांत माझी ओळख नव्हती. मग तो ओशाळून हसला, म्हणाला सवय झालीय हो ताई, सगळ्यांनाच विचारावं लागतंय. मी नाव सांगितलं. विजयश्री. ते सांगताना मला दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगितल्यासारखं वाटलं.

आमची कंपनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. आधी मी मशीनवर होते, आजारपणानंतर मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. टेबलावर कव्हर आलं की शिलाईवरून बोट फिरवायचं. डोळ्यांपेक्षा बोटावर माझा भरवसा जास्त. सुटलेला टाका, ओढलेला धागा, बोटाखाली लगेच लागतो. त्या सोमवारी बोट नुसतं घसरत होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीशी जाऊन अंगठा उजेडात धरला, तर त्यावर एकही रेघ नाही. सोललेल्या उकड्या अंड्यासारखा गुळगुळीत, गुलाबी. दुसऱ्या अंगठ्याचंही तेच. फोन उघडायला गेले तर फोननंही ओळख दिली नाही, चार आकडे मागितले. आणि संध्याकाळी सुपरवायझरनं एक कव्हर आणून माझ्यापुढे ठेवलं. माझ्या टेबलावरून पुढे गेलेलं, दोन बोटं उसवलेलं. तो काही बोलला नाही, आजारी माणसाला काय बोलणार, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजार म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर, उगाच आडपडदा कशाला ठेवू. ऑपरेशन झालं, पहिली औषधं झाली, केस गेले, केस आले, आणि वर्षानंतर तो परत आला. मग डॉक्टर श्रद्धा मॅडमनी हे नवीन औषध सुरू केलं, दर चार आठवड्यांनी एक डोस. लाल रंगाचं. बाटलीतून थेंब थेंब नळीत उतरताना मला ते सरबतवाल्याच्या गाडीवरच्या बाटलीसारखं दिसायचं. मॅडम तरुण आहेत, समजावून सांगायची त्यांना हौस आहे. माझ्याच फाईलच्या मागे त्यांनी एक गोल काढला. म्हणाल्या, हा चरबीचा इवलासा थेंब, केसाच्या जाडीच्या हजारात एक एवढा, याच्या पोटात औषध भरलंय. वरून त्यांनी बारीक बारीक केस काढले. हा त्याचा अंगरखा. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात, परकं काही दिसलं की धरून खाऊन टाकणाऱ्या. या अंगरख्यामुळे त्यांना हा थेंब ओळखूच येत नाही. तो दिवसचे दिवस रक्तातून फिरत राहतो. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, फटी राहिलेल्या असतात, त्या फटींतून तो बाहेर गळतो आणि तिथंच आपलं काम करतो. मी विचारलं, म्हणजे अंगात कुणीतरी फिरत असतं आणि कुणाला पत्ता लागत नाही? मॅडम हसल्या, म्हणाल्या अगदी तसंच. त्यांना ती गोष्ट फार आवडलेली दिसली. मला घरी येताना बसमध्ये कसंतरीच होत होतं. नाशिक रस्त्यावर, आमची मोशी यायच्या आधी इंद्रायणीचा पूल लागतो, खाली पाण्यावर पांढरा फेस तरंगत असतो, ढीगच्या ढीग. आतल्या पाण्याला माहीत असेल का आपल्यावर काय चाललंय, असलं काहीतरी माझ्या डोक्यात येत राहिलं. डोसानंतर दोन दिवस लघवी तांबूस होते हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्यांदा बघून मी बाथरूमच्या भिंतीला धरून उभी राहिले. आणि आमच्या सोसायटीतला कुत्रा, खालच्या दुकानदाराचा, अकरा वर्षं माझ्यावर न चुकता भुंकणारा, तो दुसऱ्या डोसानंतर भुंकायचा थांबला. मी जवळून जायचे आणि तो माझ्या आरपार रस्त्याकडे बघत बसायचा. सुजित, माझा नवरा, म्हणाला म्हातारा झालाय तो, काय मनाला लावून घेतेस. असेल. पण बाकी सगळ्यांवर तो भुंकतच होता.

तर त्या सोमवारी घरी येऊन मी अंगठ्याचं सांगितलं, तेव्हा सुजित म्हणाला, मॅडमना फोन करू. त्याची आई, सोजरबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आपला अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाली, "माझाबी लागत न्हाई रेशनवर. वर्सं झाली." मग ती माझ्याकडे बघून हसली. हे हसू मला नवीन होतं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत या बाईनं माझ्याकडे बघून हसल्याचं मला आठवत नाही, आणि मी असल्या गोष्टी विसरणाऱ्यातली नाही.

आमचं लग्न कोर्टात झालं. मी कासारवाडीची. माझे वडील विलास, पिंपरीच्या कंपनीत तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांचं एक कपाट. सुजितचं घर देहूच्या पलीकडच्या एका गावातलं, मराठा, जुनं, माळकरी. बाबा लग्नाच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणाले होते की मान खाली घालून राहू नकोस, बाकी तुझं तू बघ. मोशीच्या या फ्लॅटमध्ये मी पहिल्या सकाळी उठले, ओट्यावर पाण्याची कळशी होती, ती उचलायला हात पुढे केला, आणि मागून सोजरबाईचा आवाज आला. "शिवू नगं." त्यात राग नव्हता. तव्याजवळ गेलेल्या पोराला सांगावं तसं तिनं हळूच सांगितलं, जणू भाजलं असतं तर मलाच. मी हात मागे घेतला. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, बोलायची गरज पडली नाही. चहाचा कप ती ओट्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची, मग मी तो उचलायचा. सुट्टे पैसे वरून माझ्या तळहातावर सोडायची. अरुंद पॅसेजमध्ये समोरासमोर आलो तर ती भिंतीला चिकटायची. सुजितनं सुरुवातीला आरडाओरडा केला, एकदा दोन दिवस जेवला नाही, मग त्याला सवय झाली. पुरुषांना होते लवकर. शेजारच्या बाया विचारायच्या, सून काय करते, तर सोजरबाई सांगायची, कंपनीत शिवती. मी सुजितला म्हणायचे, बघ, दिवसभर शिवते आणि घरी आले की शिवत नाही. तो हसायचा नाही. पहिल्या वर्षी तर कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी मनात एक वाक्य घोकायचे. एक दिवस हिला माझी गरज पडेल, ही हात पुढे करील, आणि तेव्हा मी म्हणेन, तुम्हीच शिवू नका मला. किती वेळा ते मनात म्हटलं असेल त्याला गणती नाही. चांगलं धार लावून ठेवलं होतं.

तो दिवस आला तो भलत्याच वाटेनं आला. या लाल औषधाच्या पहिल्या डोसानंतर हॉस्पिटलातून एक कागद दिला होता, मराठीत छापलेला, काय करावं आणि काय करू नये. सुजित कामावर निघायच्या घाईत होता, त्यानं बुटाची लेस बांधता बांधता मोठ्यानं वाचून दाखवला. हातापायांना उष्णता टाळा. घट्ट पादत्राणे, दाब, घर्षण टाळा. मग तो गेला आणि संध्याकाळी माझ्यासाठी मऊ स्पंजाच्या चपला घेऊन आला, म्हणजे दुसऱ्या ओळीचं काम झालं. पहिली ओळ सोजरबाईनं ऐकली होती. उष्णता. आता मला सांगा, आपल्याकडे उष्णता म्हटल्यावर कुणाच्या डोक्यात काय येतं? गरम पाणी येतं का? अंगातली उष्णता येते. डोळे चुरचुरतात ती, तोंड येतं ती, तळपाय जळतात ती. मॅडमना म्हणायचं होतं की गरम पाण्यात पाय बुडवू नका, उन्हात हिंडू नका. माझ्याही डोक्यात ते आलं नाही, तर सत्तरीच्या बाईचं काय घेऊन बसलात. माझे तळपाय चुरचुरत होतेच. दुपारी चारच्या सुमारास मी सोफ्यावर पडले होते. सोजरबाईनं कपाट उघडलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली काशाची वाटी काढली, तुपाचा बोटभर गोळा घेतला, आणि माझ्या पायांशी जमिनीवर येऊन बसली. मी पाय पोटाशी ओढून घेतले. ती म्हणाली, "लांब कर पाय. उष्णता काढती." आणि तिनं डाव्या हातानं माझा घोटा धरला.

आधी मला राग आला, हे खरं ते सांगते. अकरा वर्षं, आणि आता मरायला टेकले तेव्हा? माझं ते धार लावलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. पण तिचा हात खरखरीत होता, गार होता, आणि घोट्याभोवती पुरता बसला होता. वाटी तळपायावरून फिरायला लागली, टाचेपासून बोटांपर्यंत आणि परत, घुंई घुंई असा एक बारीक आवाज यायचा तिचा. मी तोंडावर ओढणी घेतली आणि रडले. तिनं बघितलं असेल, वाटी फिरतच राहिली. अर्ध्या तासानं तूप काळं झालं, शाईसारखं, आणि ती समाधानानं म्हणाली, बघ किती निगाली. तेव्हापासून रोज चार वाजता, शिफ्ट असली तर आल्यावर. पुढे पुढे ती तळहातही चोळायला लागली. मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांच्या मागे स्टेशनवरची गाडीची घोषणा ऐकू येत राहिली. मग म्हणाले, तिनं? तुझ्या पायाला? एवढंच. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. चोळून झालं की सोजरबाई बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुवायची आणि मी सोफ्यावरून कान देऊन ते पाणी ऐकायचे. हात तुपानं काळे झालेले, कुणीही धुतलेच असते. म्हणून ते धुणं नक्की कशाचं, हे मला कधीच कळलं नाही. रोज ऐकायचे, रोज कळायचं नाही.

दुसऱ्या डोसानंतर रक्तातला कॅन्सरचा आकडा निम्म्यावर आला. मॅडमनी मला मिठीच मारायची बाकी ठेवली. घरी आम्हा तिघांना वाटलं, औषधानं काम केलं ते केलंच, पण वाटीनंही केलं. तिसऱ्यानंतर तळपाय लाल झाले, मग सुजले, मग सालं सुटायला लागली. सोजरबाई म्हणाली, मुळातली उष्णता आता वर आली, आणि ती आणखी वेळ चोळायला लागली. मी दात दाबून पडून राहायचे. दुखत होतं, फार दुखत होतं, पण तो हात सोडवावा असं वाटत नव्हतं. आणि मग अंगठ्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी आंघोळीला बसले असताना, मला ते दिसलं. उजव्या घोट्यावर चार लाल पट्टे, बाहेरच्या बाजूनं. आतल्या बाजूला एक, आडवा, रुंद. मी तांब्या खाली ठेवला. कुणीतरी घोटा धरून ठेवला होता आणि धरलेला हात तसाच राहिला होता, हाताचा मालक तेवढा नव्हता. मी पाणी ओतलं, साबण लावला. पट्टे आणखी लाल झाले. मग अंगभर बघत सुटले. मनगटावर बांगडीची गोल रेघ. खांद्यावर ओढणीच्या पिनेपाशी पिशवीचा पट्टा जिथं बसतो तिथं एक रेघ. कमरेला नाडीची. जिथं जिथं मला काही टेकलं होतं, कुणी धरलं होतं, तिथं आतून कुणीतरी येऊन खूण करून गेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो अंगरख्यातला थेंब आला, अंगातल्या गल्ल्यांतून फिरणारा, कुणाच्या ओळखीत न येणारा. मला त्या वेळी अगदी खरं वाटलं की तो गाठ शोधत नाहीये. मला कुणी कुठं शिवलं, तेच तो शोधत फिरतोय. मी कपडे कसेबसे घातले आणि बाहेर आले. सोजरबाई भाकरी थापत होती, पाठमोरी. तिच्या हाताची बोटं पिठावर उमटत होती, चार आणि एक.

मॅडमनी चौथा डोस दिला नाही. माझे तळपाय बघितले आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. मी मोजे वर ओढायला लागले तसा त्यांनी मला थांबवलं आणि घोट्याकडे वाकून बघितलं. म्हणाल्या, कुणी चोळतं का पाय? मी म्हणाले, मीच चोळते. त्यांनी आपला डावा हात त्या खुणांवर, जरा वर धरला. "हा समोर बसलेल्या माणसाचा हात आहे. तुमचा स्वतःचा असा बसणारच नाही." मग मला सांगावं लागलं, वाटी, तूप, सगळं. त्या रागावल्या नाहीत, खुर्चीत मागे टेकल्या. दाबानं, घासण्यानं कातडीतल्या बारीक वाहिन्या फुटतात, म्हणाल्या, आणि थेंबाला काय, फट दिसली की तो गळतो, मग ती गाठीची असो की तळपायाची. म्हणजे जे औषध पोटात जायला हवं होतं त्यातलं काही ही वाटी रोज तुमच्या पायात ओढत होती. "दोन आठवडे थांबू. पाय बरे झाले तर पुढचा डोस. नाही झाले तर हे औषध कायमचं बंद करावं लागेल, आणि याच्यासारखं लागू पडणारं दुसरं माझ्याकडे नाहीये, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. जे कुणी चोळतं त्यांना सांगा, हात लावायचा नाही."

घरी येईपर्यंत मी ते वाक्य शंभर तऱ्हांनी जुळवून बघितलं. हात लावू नका. धरू नका. चोळणं बंद करा. कसंही सुरू केलं तरी शेवटाला तो एकच शब्द येऊन उभा राहायचा. सुजित म्हणाला, मी सांगतो तिला. मी नको म्हणाले. तो सांगेल तर तिला वाटेल, बायकोनं पढवलं. सांगायचं तर मलाच. गंमत बघा, अकरा वर्षं जे वाक्य घोकत होते तेच आता बोलायचं होतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. सोजरबाई जमिनीवर वाट बघत बसली होती, वाटी समोर, तूप पातळ करून ठेवलेलं. मी सोफ्यावर बसले. ती काही विचारायच्या आधी तिचा हात सवयीनं माझ्या घोट्याकडे आला. मी पाय मागे ओढला आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, शिवू नका."

हात लावू नका म्हणणार होते हो मी. खरंच म्हणणार होते. पण त्या घरात त्या गोष्टीला तोच शब्द होता, तोच बाहेर पडला. सोजरबाईचा हात तसाच मध्ये राहिला. सुजित दारात बूट काढत होता, तोही थांबला. तिनं हात हळूच मांडीवर घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. फार दिवसांनी बस आल्यावर माणूस उठतो तशी ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "व्हय. बोललीस एकदाची."

मग मी पुष्कळ बोलले. फाईलच्या मागचं चित्र दाखवलं, थेंब, अंगरखा, फटी. सुजितनं कागद आणून पुन्हा वाचला, उष्णता म्हणजे कोणती ते सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती, मान हलवत होती. म्हणाली, डाक्टर म्हंती तर बरोबरच असंल. तिनं वाटी पदरानं पुसली, फडक्यात गुंडाळली, कपाटात सगळ्यात खाली ठेवली. तिला एक अक्षर पटलेलं नव्हतं हे मला दिसत होतं. म्हणजे वाटीनं वाईट झालं हे तिला पटलं असेल. पण मी बोलले ते वाटीबद्दल होतं, हे पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी गेले. तिनं चहाचा कप ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. आधी सरायची तशीच, पण आता ती मान खाली घालून उभी होती. मला तो कप उचलवेना. बोटांना गरम लागतो म्हणून सांगितलं आणि चहा तिथंच गार होऊ दिला.

ते दोन आठवडे घरात कुणी कुणाला लागलं नाही. मी कामाला गेले नाही, पाय उशीवर ठेवून पडून राहायचे. चार वाजले की तळपायांना ती वाटी ऐकू यायची. कानाला नाही, तळपायांनाच, घुंई घुंई, टाचेपासून बोटांपर्यंत आणि परत. सोजरबाई त्या वेळी पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची, हात मांडीवर उताणे. सालं गेली, खालून नवीन कातडी आली, कोरी. घोट्यावरचे पट्टे आधी तपकिरी झाले, मग पुसट, मग एका सकाळी नव्हतेच. डोस मिळणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. आणि त्याच वेळी, हे मी सुजितलाही सांगितलेलं नाही, मी आंघोळीला बसल्या जागी त्या कोऱ्या घोट्यावर स्वतःचा हात ठेवून बघितला, तसा, समोरून धरल्यासारखा. मॅडम म्हणाल्या तेच खरं. तो बसत नाही.

चौथा डोस मिळाला. हाताखाली-पायाखाली बर्फाच्या पिशव्या ठेवून मी ते लाल थेंब नळीत उतरताना बघत होते. या वेळी त्याला कुठलीच फट ठेवली नव्हती, बांगडी नाही, नाडी सैल, पायात चप्पलसुद्धा नाही. जा म्हटलं बाबा आता, जिथं जायचं तिथं जा.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, मी सोफ्यावर पाय लांब करून बसले होते आणि सहज खाली बघितलं. उजव्या घोट्यावर चार पट्टे होते. आतल्या बाजूला एक, आडवा. अडीच आठवडे झाले होते त्या जागी कुणाचा हात लागून, वारासुद्धा मी जपून लागू दिला होता. दुखत नव्हतं, सूज नव्हती. नुसती खूण, पहिल्यापेक्षा फिकी, पण एक बोट इकडचं तिकडे नाही. मी मॅडमना फोन लावला, त्यांनी फोटो मागवला, बघून म्हणाल्या, होतं असं कधी कधी, जिथं एकदा झालेलं असतं ती जागा पुन्हा उठते, फोड नाही ना, मग काळजी नको, उद्या दाखवून जा. फोन ठेवला तरी मी त्या बोटांकडे बघतच होते. भीती वाटत होती आणि नजर हलत नव्हती. मग मी हाक मारली. "आई, जरा इकडे या."

ती आली, दारात उभी राहिली. मी म्हणाले, जवळ या, बघा. ती सोफ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली, डोळे बारीक करून वाकली. मी म्हणाले, कुणी धरलेलं नाही आई. आपोआप आलंय. मी म्हटलं नव्हतं का तुम्हाला, हे औषध जिथं हात लागतो तिथं येतं म्हणून. मग तिनं डावा हात उचलला आणि माझ्या घोट्यावर आणला, वर, बोटभर अंतर राखून, आणि एकेक बोट एकेका पट्ट्यावर हवेतच धरलं. चारी बसली. अंगठा आतून वळवला, तोही बसला. तिचा हात एकदाही टेकला नाही. मला त्या बोटभर अंतरातून तिच्या तळहाताचा गारवा कळत होता.

आणि ती आणखी खाली वाकली, पोराला खरचटल्यावर घालतात तशी तिनं माझ्या घोट्यावर फुंकर घातली. लांब, हळू, एक संपली की दुसरी. मी पाय हलवला नाही. मग तिनं हात मागे घेतला, पदराखाली लपवला, आणि माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाली,

"शिवली न्हाई हां मी."